लिनक्सच्या सिस्टीम टूल्समध्ये पहिला पॅच कसा पाठवायचा: आधी टेस्ट, मग बग

कॉलेजमधली पोरं विचारतात, दादा ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचं आहे, कुठून सुरू करू, आणि मनात बहुतेकांच्या कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असतो. कर्नल वाईट नाही, पण सुरुवातीला डोक्यावरून जातो. त्याच्या वर एक थर आहे, तिकडे कोणी बघत नाही. माउंट, एलएसबीएलके, एफडिस्क, डीमेसेज या कमांड आपण रोज मारतो आणि त्या सगळ्या युटिल-लिनक्स नावाच्या एकाच प्रोजेक्टमधून येतात. सर्व्हिस चालू-बंद करायला सिस्टमडी आहे, एलएस आणि सॉर्टसाठी जीएनयू कोअरयुटिल्स. ही सगळी बहुतांश सी भाषेत लिहिलेली आहेत, कोड वाचता येण्यासारखा आहे, आणि मुख्य म्हणजे टेस्ट लिहिणारे हात तिथे कायम कमी पडतात.

माझं मत आधीच सांगून ठेवतो, पहिला पॅच (प्रोजेक्टला पाठवायचा कोडमधला बदल) टेस्टचाच पाठवा, म्हणजे टूल बरोबर चालतं का ते तपासणाऱ्या स्क्रिप्टचा. बग फिक्स करायला अख्खा कोड समजावा लागतो, टेस्ट लिहायला टूल बाहेरून कसं वागतं तेवढं समजलं तरी निभतं, आणि लिहिता लिहिता कोड आपोआप कळत जातो. उदाहरणं मी जास्त करून युटिल-लिनक्सचीच दिलीत कारण नवख्याला ते बरं पडतं. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.

१. काय काय लागतं

कोर्स लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही, फी तर नाहीच. "ओपन सोर्स काँट्रिब्यूशन प्रोग्राम" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर सरळ निघून या.

- लॅपटॉप. ४ जीबी रॅम असेल तरी युटिल-लिनक्स बिल्ड होतं. सिस्टमडीच्या मोठ्या टेस्ट वेगळी इमेज बूट करून चालतात, त्याला ८ जीबी किंवा जास्त बरी.
- लिनक्स. ड्युअल बूट असो की व्हर्च्युअल मशीन. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर बिल्ड होऊन जातं, पण डिस्क आणि माउंटच्या टेस्टसाठी वेगळी व्हर्च्युअल मशीनच घ्या.
- उबुंटू किंवा डेबियनवर ही पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, ऑटोपॉइंट, गेटटेक्स्ट, बायसन, फ्लेक्स, पीकेजी-कॉन्फिग आणि एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज. सोबत जीडीबी, एसट्रेस, व्हॅलग्राइंड आणि शेलचेक आत्ताच टाकून ठेवा.
- सीमधले पॉइंटर आणि स्ट्रिंग समजतात इतपत तयारी, थोडं शेल, थोडं गिट.
- एक ईमेल आयडी जो पुढची काही वर्षं बंद होणार नाही. कॉलेजचा आयडी वापरू नका, पास झाल्यावर बंद पडतो आणि तुमचं नाव मात्र गिटच्या इतिहासात त्याच आयडीने राहून जातं.
- नोकरीत असाल तर अपॉइंटमेंट लेटर काढा आणि वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या लेटरमध्ये तुम्ही लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क अशी ओळ असते. असेल तर मॅनेजरकडून मेलवर परवानगी घ्या, तोंडी नको.
- काही जीएनयू प्रोजेक्टमध्ये बदल साधारण १५ ओळींच्या वर गेला की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला कॉपीराइट लिहून द्यावा लागतो, त्याचा वेगळा कागद असतो आणि त्याला वेळ लागतो. युटिल-लिनक्स आणि सिस्टमडीला ही भानगड नाही.

२. प्रोजेक्ट निवडा

जे टूल रोज वापरता तेच घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. बघायचं एवढंच की गेल्या महिन्याभरात कमिट झालेत का, टेस्टचं फोल्डर आहे का, आणि योगदान कसं द्यायचं ते सांगणारी फाइल आहे का. युटिल-लिनक्समध्ये डॉक्युमेंटेशन फोल्डरात पॅच कसा पाठवायचा याची वेगळी आणि टेस्टची वेगळी अशा फाइल आहेत, दोन्ही मिळून चहा संपेपर्यंत वाचून होतात. वाचाच, कारण रिव्ह्यूत निम्मे शेरे त्यातल्याच गोष्टींवरून येतात.

३. क्लोन आणि बिल्ड

गिट क्लोन करताना नेट वाचवायला डेप्थ १ देऊ नका. मोह होतो, विशेषतः हॉस्टेलच्या वायफायवर, पण मग इतिहासच येत नाही आणि पुढे गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली) आणि गिट बायसेक्ट (बग कोणत्या कमिटमध्ये आला) दोन्ही कामाचे राहत नाहीत. एकदाच पूर्ण उतरवून घ्या, रात्री लावून झोपा.

मग ऑटोजेन स्क्रिप्ट, कॉन्फिगर, मेक. मेसन या दुसऱ्या बिल्ड टूलनेही होतं. जुना लॅपटॉप असेल तर मेकला जे-२ द्या. मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात दुपारी ४५ डिग्री असतं, कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉपसुद्धा तापून स्वतःच स्पीड कमी करतो, तेव्हा सगळे कोअर लावून फायदा शून्य. आणि लाईन केव्हाही जाते, तर सीकॅश टाकून ठेवा म्हणजे पुन्हा बिल्ड करताना आधीची मेहनत वाया जात नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. सुडो मेक इन्स्टॉल करू नका. नाही म्हणजे नाही. हे साधं ॲप नाही भाऊ, यात लॉगिन, माउंट, एसयू आहे. अर्धवट बिल्ड सिस्टीमवर चढवलं तर पुढच्या बूटला मशीन डिस्क माउंट करायला तयार नसते आणि मग रेस्क्यू पेनड्राइव्ह शोधत फिरा. इन्स्टॉल करायची गरजच नसते, बिल्ड झालेलं टूल त्याच फोल्डरमधून डॉट-स्लॅश लावून चालवता येतं.

४. काहीही बदलायच्या आधी टेस्ट चालवा

मेक चेक मारा आणि आउटपुट फाइलमध्ये जपून ठेवा. ही तुमची आधीची स्थिती. उद्या काहीतरी फेल झालं की तुमच्यामुळे झालं की आधीपासूनच फेल होतं, हे या फाइलशिवाय सांगता येत नाही. एकाच टूलच्या टेस्ट चालवायच्या असतील तर टेस्ट फोल्डरातल्या रन डॉट एसएच स्क्रिप्टला त्या गटाचं नाव द्या, जसं की कॅल.

आउटपुटमध्ये स्किप्ड असं बरंच दिसेल. नवे लोक त्याला पास समजतात. स्किप म्हणजे टेस्ट झालीच नाही, एखादं टूल नाही म्हणून, रूट (सर्वाधिकार असलेला युजर) नाही म्हणून, कर्नलमध्ये काही मोड्युल नाही म्हणून. खूप टेस्ट रूटशिवाय चालतच नाहीत कारण त्यांना लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क समजून वापरणं) बनवायचं असतं, माउंट करायचं असतं. त्या फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, आधी स्नॅपशॉट घेऊन. ज्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि घरच्यांचे फोटो आहेत त्यावर रूटने डिस्कच्या टेस्ट काहून चालवायच्या?

५. बग निवडा, आणि तो बग आहे का ते बघा

उघड्या तक्रारींची यादी असते त्यात "नवख्यांसाठी सोपं" असा शिक्का कधी असतो कधी नसतो. आधी कोणी त्यावर काम करून राहिलं का बघा. दोन ओळींत सांगून ठेवा की मी बघतो आहे, पण "प्लीज असाइन धिस टू मी सर" लिहून आठवडाभर गप्प बसू नका, त्या वाक्याचा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या) लोकांना खरंच वैताग आहे.

दिसायला विचित्र ते सगळं बग नसतं. कॅल कमांडला ९ आणि १७५२ देऊन बघा. सप्टेंबर महिन्यात २ तारखेनंतर सरळ १४ तारीख येते. बग वाटतो, पण इंग्लंडने त्या वर्षी कॅलेंडर बदललं तेव्हा मधले ११ दिवस खरंच गाळले होते, टूल बरोबर आहे.

आपल्या लोकांना एक फायदा आहे जो फारसा कोणी घेत नाही, तो म्हणजे मराठी. टर्मिनलमध्ये एको करून "नागपूर" हा शब्द डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला द्या. मायनस सी दिलं (बाइट मोजायला) तर १९ येतात, मायनस एम दिलं (कॅरेक्टर मोजायला) तर ७. शब्दात सहा कोडपॉइंट (युनिकोडमधले सुटे घटक) आहेत (न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र), देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचा, म्हणजे १८, आणि वरचा एक ओळ संपल्याचा. आता लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) बदला, एलसी-ऑल या व्हेरिएबलची किंमत सी ठेवून मायनस एम पुन्हा चालवा, १९ येतील, कारण त्या लोकेलमध्ये एक बाइट म्हणजे एक कॅरेक्टर. जिथे जिथे टूल रकान्यांची रुंदी बाइट मोजून ठरवतं तिथे मराठी मजकूर टाकला की तक्ता वाकडा होतो. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही.

तसंच रेव्ह नावाचं टूल, ओळीतली कॅरेक्टर उलट्या क्रमाने लावतं. "नागपूर" कोडपॉइंटच्या हिशोबाने उलटवला तर "रूपगान" येतो, कारण ऊकार पला सोडून रला चिकटतो आणि काना गला जातो. आता हा बग आहे का? वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरं तुटली, मॅन पेजच्या दृष्टीने कॅरेक्टर उलटली. असल्या ठिकाणी थेट पॅच पाठवू नका, आधी विचारा की अपेक्षित वागणूक कोणती, आणि जे ठरेल त्याची टेस्ट लिहा. वागणूक बदलणार नाही असं ठरलं तरी टेस्ट उपयोगाचीच असते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. बग सिक्युरिटीचा वाटत असेल, म्हणजे साध्या युजरला रूट मिळतंय, मेमरीबाहेर लिहिलं जातंय, तर उघड्यावर लिहू नका. प्रोजेक्टच्या सिक्युरिटी फाइलमध्ये खाजगीत कळवायचा पत्ता असतो. पीकेएक्झेक या दुसऱ्या युजरच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या टूलमधला बग २००९ पासून होता, सापडल्यावर आधी खाजगीत कळवला गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्तीसकट जाहीर झाला. घाईत आपलं नाव व्हावं म्हणून आधीच पोस्ट टाकली तर नुकसान सगळ्यांचं.

६. बग पुन्हा घडवून दाखवा

आपल्या उबुंटूमधलं टूल जुनं असतं, तक्रार त्याच्यावरून करू नका. मास्टर ब्रांचवर बिल्ड करून तिथे बग दिसतो का बघा, पुष्कळदा आधीच दुरुस्त झालेला असतो. दिसला तर कमीत कमी इनपुट उरेपर्यंत छाटत जा. टूल नेमकं काय करतंय कळत नसेल तर एसट्रेस लावा, कोणती फाइल उघडली, कुठे एरर आली सगळं दिसतं.

आधी चालायचं आणि आता चालत नाही असं असेल तर गिट बायसेक्ट. एक चांगला कमिट सांगा, एक वाईट सांगा, हजार कमिटमधून दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. बायसेक्ट रनला स्क्रिप्ट दिली तर तुम्ही पोहे खाऊन या, तोवर ते शोधून ठेवतं. फक्त स्क्रिप्टमध्ये बिल्डच झालं नाही तर एक्झिट कोड १२५ द्या, म्हणजे तो कमिट सोडून दिला जातो. १ दिला तर बिल्ड फेल झालेलाच वाईट कमिट म्हणून पुढे येतो आणि तुम्ही भलत्याच माणसाच्या कोडमागे लागता.

७. टेस्ट लिहा (इथे वेळ घाला)

युटिल-लिनक्सची टेस्ट म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट. टेस्ट फोल्डरात टीएस, त्यात गटाचं फोल्डर, त्यात तुमची फाइल. नवीन कोरी लिहू नका, शेजारची कॉपी करून बदला. वरती वर्णनाची ओळ, मग फंक्शन्सची फाइल आत घेणं, मग टीएस-इनिट, मग कमांड आहे की नाही हे तपासणं, मग तुमच्या कमांड ज्यांचं आउटपुट टीएस-आउटपुटच्या फाइलमध्ये जातं आणि एरर वेगळ्या लॉगमध्ये, शेवटी टीएस-फायनलाइज. अपेक्षित आउटपुट एक्सपेक्टेड नावाच्या फोल्डरात त्याच नावाने ठेवायचं. चालवल्यावर दोन्ही जुळवून बघितलं जातं, फरक पडला तर डिफ फोल्डरात फाइल येते.

सापळा इथे आहे. पहिल्यांदा अपेक्षित फाइल नसते, म्हणून लोक टूलचं आउटपुटच उचलून तिथे ठेवतात. टेस्ट लगेच पास! पण आउटपुट चुकीचं असेल तर तुम्ही बगलाच अधिकृत करून टाकलं. अपेक्षित आउटपुट डोळ्यांनी, ओळ न ओळ, वाचून मगच ठेवा.

दुसरं, टेस्ट फिक्सशिवाय फेल झाली पाहिजे. सोर्समधला बदल गिट स्टॅशमध्ये टाकून, पुन्हा बिल्ड करून टेस्ट चालवा. तरी पास होत असेल तर ती त्या बगची टेस्टच नाही. हे न करता आलेले पॅच पुष्कळ असतात, आणि चांगला रिव्ह्यूअर पहिल्यांदा हेच करून बघतो.

तिसरं, कधी पास कधी फेल अशी टेस्ट पाठवू नका. कारणं बहुतेक वेळा हीच असतात:

- टाइमझोन. टेस्टमध्ये टीझेड स्वतः ठरवा. आपला झोन साडेपाच तासांचा आहे, आणि ऑफसेट पूर्ण तासांचाच असतो असं धरून लिहिलेली टेस्ट नागपुरात फेल आणि बर्लिनमध्ये पास होते. असली टेस्ट सापडली तर ती दुरुस्त करणं हाच एक मस्त पहिला पॅच.
- लोकेल. एररचा मजकूर, तारखेचा फॉर्मॅट, सॉर्टचा क्रम, सगळं लोकेलवर हलतं.
- फाइलींचा क्रम. डिरेक्टरीतल्या फाइली कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही, सॉर्ट करा.
- स्लीप. "दोन सेकंद थांबलं की होऊन जातं" हे तुमच्या मशीनवर. सीआयची (पॅच आला की टेस्ट आपोआप चालवणारी) मशीन लोडखाली असते, तिथे अट पूर्ण होईपर्यंत ठरावीक मर्यादेत वाट बघणारा लूप लिहा.
- प्रोसेस आयडी, युजरचं नाव, डिस्कचं नाव असं मशीनगणिक बदलणारं काहीही आउटपुटमध्ये जाऊ देऊ नका.

आणि बायनरी टेस्ट फाइल. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलचं प्रकरण झालं ते आठवत असेल. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसलं, तो मागे लागला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर (आत शिरायची चोरवाट) निघालं. ते लपवलं होतं कुठे, तर टेस्टच्या बायनरी फाइलींमध्ये, ज्या कोणी उघडून बघत नाही. तेव्हापासून अनोळखी माणसाकडून बायनरी फाइल आली की मेंटेनरच्या भुवया वर जातात, आणि बरोबर आहे. शक्य असेल तर टेस्ट चालतानाच स्क्रिप्टने ती फाइल बनवा. नाहीच जमलं तर कशी बनवली ती कमांड कमिटमध्ये लिहा.

८. फिक्स

टेस्टसोबत बगही दुरुस्त करत असाल तर तो बदल लहान ठेवा. शेजारचं इंडेंटेशन आवडलं नाही म्हणून तेही सरळ केलं असं करू नका, त्यात खरा बदल हरवतो. एरर आल्यावर ज्या वाटेने फंक्शन बाहेर पडतं ती वाट तपासा, मेमरी तिथेच गळते. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) लावून एकदा बिल्ड करा आणि सगळ्या टेस्ट चालवा. शेलच्या फाइलवर शेलचेक.

९. कमिट आणि पाठवणं

पहिली ओळ: टूलचं नाव, कोलन, काय केलं. खाली "का" ते लिहा, "काय" ते डिफमध्ये दिसतंच. गिट कमिट करताना मायनस एस द्या म्हणजे साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ येते. ती शोभेची नाही, २००४ पासून कर्नलमध्ये आलेल्या पद्धतीनुसार तुम्ही लिहून देता की हा कोड पाठवायचा हक्क मला आहे. तिथे खरं नाव टाका, गेमिंगचं नको.

फिक्स एका कमिटमध्ये, टेस्ट दुसऱ्यात, की दोन्ही एकत्र, हे प्रोजेक्टचे जुने कमिट बघून ठरवा. ईमेलने पाठवायचं असेल तर गिट सेंड-ईमेल वापरा, जीमेलला टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. ब्राउझरमध्ये पॅच पेस्ट केला तर टॅब आणि ओळी तुटतात, पॅच लागत नाही. आणि आधी स्वतःलाच पाठवून बघा.

एआयने लिहून घेतलेला कोड पाठवायचा विचार असेल तर नियम आधी वाचा. जेंटू या डिस्ट्रोने २०२४ मध्ये असा कोड घ्यायचा नाही असं ठरवलं, क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोजेक्टने २०२५ मध्ये. बाकी ठिकाणी चालत असेल तरी प्रश्न तुम्हाला विचारले जातात, उत्तर तुम्हाला आलं पाहिजे.

टी-शर्टसाठी रीडमीमध्ये स्वल्पविराम टाकणं हाही प्रकार नको. पॅच दिले की टी-शर्ट मिळायचा अशा हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये असल्या पॅचचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलून, प्रोजेक्टने स्वतः हो म्हटलं तरच मोजायचं, असं करावं लागलं.

१०. रिव्ह्यू

सर, रिस्पेक्टेड, काइंडली, हे काही नको. पहिल्या नावाने लिहितात, मुद्द्याचं लिहितात, आणि त्यांचं तुटक उत्तर म्हणजे राग नव्हे. मेंटेनर युरोपात असेल तर त्याची सकाळ म्हणजे आपली दुपार, तेव्हा उत्तरं संध्याकाळकडे येतात. दोन आठवडे काहीच आलं नाही तर एक ओळीची आठवण द्या, रोज नको.

सीआयमध्ये तुमच्याकडे कधी न दिसलेली गोष्ट फेल होईल, ३२ बिटवर, मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर, नाहीतर एस३९०एक्ससारख्या बिग-एंडियन (बाइट उलट्या क्रमाने ठेवणाऱ्या) मशीनवर. "माझ्याकडे चालतं" हे उत्तर नाही, लॉग उघडून वाचा, बहुतेक वेळा टेस्टमध्येच काहीतरी गृहीत धरलेलं निघतं. सुधारलं की वरून नवा "फिक्स रिव्ह्यू कमेंट्स" असा कमिट चढवू नका, रीबेस करून मूळ कमिटच नीट करा आणि व्ही-२, म्हणजे दुसरी आवृत्ती, पाठवा, काय बदललं ते दोन ओळींत सांगून.

नाही म्हटलं तर कारण विचारा आणि पुढच्या बगकडे वळा.

११. मर्ज झाल्यावर

तुमच्या लॅपटॉपवर लगेच काही दिसणार नाही. गिट टॅगला कंटेन्स देऊन तुमचा कमिट कोणत्या रिलीजमध्ये गेला ते कळतं, मग तो डिस्ट्रोत (उबुंटू, डेबियन वगैरे) यायचा. उबुंटूचं एलटीएस दर दोन वर्षांनी निघतं, डेबियन स्टेबलही साधारण तसंच, त्यामुळे नागपुरातल्या बर्डीवरच्या कुठल्या दुकानात उबुंटू टाकून दिलेल्या लॅपटॉपमध्ये तुमची टेस्ट पास केलेलं टूल पोचायला वेळ जातो. घाई असेल तर आर्च किंवा फेडोरा रॉहाइड अशा नवं लवकर घेणाऱ्या डिस्ट्रोचा कंटेनर उतरवून तिथे बघा. आणि चौथ्या पायरीत जपून ठेवलेली ती फाइल पुन्हा उघडा, स्किप्ड म्हणून आलेल्या टेस्टपैकी कोणती उगाचच स्किप होऊन राहिली ते शोधा, पुढचा पॅच बहुतेक तिथेच पडून आहे.